डावीकडचे हत्ती

पुंडलिकनगर

संभाजीनगरला निघाले तेव्हा आमच्या चिपळुणात भेटेल त्याने मला वेरूळ, अजिंठा आणि बीबी का मकबरा बघून यायला सांगितलं. मी यातलं काहीही न बघता परत आले. तरीही माझा प्रवास फुकट गेला असं कुणी म्हटलं, तर मी भांडेन.

मी गेले होते माझ्या थोरल्या दिरांच्या डोळ्यांसाठी. दिनकरभाऊजी इतिहासाचे शिक्षक. नोकरीच्या निमित्ताने तरुणपणीच कोकण सोडून मराठवाड्यात गेले, कन्नडच्या कुसुमताईंशी लग्न केलं आणि तिकडचेच झाले. निवृत्त झाल्यापासून घराजवळच्या विहारात दर रविवारी धम्माचा वर्ग घेतात. दिवाळीनंतर कुसुमताईंचा फोन आला.

"शालिनी, तू ये बाई. हे दाराला धडकत्यात आन् म्हणत्यात दारच मधी आलं. डॉक्टरकडं नाय म्हंजी नाय. माझं ऐकत नायत. तू दवाखान्यातली, तुझं ऐकतील."

मी उभं आयुष्य सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून काढलं, त्यातली पुष्कळ वर्षं डोळ्यांच्या वॉर्डात. माझ्या नवऱ्याने बॅग भरून दिली आणि म्हणाला, "जा, पण दादा वादात हरत नाही, एवढं लक्षात ठेव." मी म्हटलं, मीही हरत नाही.

एसटीच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर लिहिलेलं, कंडक्टरच्या तोंडी औरंगाबाद. दोन्ही नावांनी आम्ही एकाच स्थानकावर उतरलो. आमच्याकडे डोंगर लाल, इथले काळे. हवा इतकी कोरडी की संध्याकाळपर्यंत माझे ओठ फुटले. पुंडलिकनगरात पोहोचले तर गल्लीत लगीनघाई! मला वाटलं कुणाकडे कार्य आहे. कार्य नव्हतं, नळाला पाणी आलं होतं. काही दिवसांआड येणारं पाणी. घराघरांतून पाइप, बादल्या, पिंपं, गच्चीवरच्या टाक्या. पावसाळ्यात घरात शिरलेलं पाणी उपसून बाहेर टाकणारे आम्ही चिपळूणकर. मी पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच आनंदाने पाणी भरलं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ. त्याची आमटी दाट, झणझणीत, आणि नारळाचा तिच्यात पत्ता नाही. दोन वाट्या प्याल्यावर मला नारळाची आठवणही राहिली नाही.

मग मी विषय काढला. "भाऊजी, तुमचा मोतीबिंदू पिकलाय. हल्ली ते फार किरकोळ काम असतं. सकाळी जायचं, जेवायला घरी."

"मला धूसर दिसत नाही," भाऊजी म्हणाले.

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात."

"शालिनी, मी बारीक अक्षर वाचतो. समोरच्या गच्चीवरची वाळवणं मोजून दाखवू?" ते शांतपणे हात धूत होते. "आणि बाबांचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. शिबिरात नेलं, टेबलावर घेतलं, आणि होता तो एक डोळाही गेला. तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचा हात धरून मीच त्यांना फिरवायचो. माझ्या डोळ्याला कुणी सुरी लावायची नाही."

सासऱ्यांचं आंधळेपण मीही पाहिलं होतं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे खूप होतं, पण कुसुमताईंनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. मराठवाड्यात माणसाला गप्प करायची ती पद्धत असावी.

विहारात

दुसऱ्या दिवशी रविवार. विहार म्हणजे एक साधी खोली, पुढे बुद्धमूर्ती, खाली सतरंज्या. शेजारपाजारची माणसं, बायका, दोनतीन कॉलेजातली पोरं. भाऊजींचा त्या दिवशीचा विषय होता मताला चिकटून राहणं. पालीत त्याला दिट्ठुपादान म्हणतात, ते म्हणाले. दिट्ठी म्हणजे दृष्टी, मत. उपादान म्हणजे घट्ट धरणं.

"माणूस पैसा सोडतो, घर सोडतो, प्रसंगी अन्न सोडतो," भाऊजी सांगत होते. "पण 'माझंच खरं' हे सोडत नाही. तथागत म्हणाले, माझी शिकवण ही होडी समजा. पैलतीराला जायला होडी पाहिजेच. पण उतरल्यावर ती डोक्यावर घेऊन कोण हिंडतो? जर धम्मसुद्धा डोक्यावर मिरवायचा नाही, तर आपल्या फुटकळ मतांची काय कथा!"

मागून एकाने विचारलं, "सर, मग मतच ठेवायचं नाय का?"

"ठेवा की! मत नसलेला माणूस म्हणजे वाऱ्यावरचा पाचोळा. पण मत उघड्या तळहातावर ठेवा. दुसऱ्याला ते दिसलं पाहिजे, तपासता आलं पाहिजे. मूठ आवळलीत की संपलं."

किती सुरेख सांगत होते! मी मान डोलावत होते. कुसुमताई माझ्या कानाशी लागल्या. "लई छान सांगत्यात. घरी जाईस्तोवर टिकलं म्हंजी मिळवलं."

गुलमंडी

सोमवारी आम्ही तिघं गुलमंडीला गेलो. मला सुनेसाठी हिमरू शाल घ्यायची होती. जुन्या शहराचा तो बाजार म्हणजे कापडाची, भांड्यांची, बांगड्यांची दुकानं एकमेकांच्या अंगावर रेललेली, आणि मधून माणसं, हातगाड्या, रिक्षा, सगळे एकाच वेळी आधी जाणार. आमच्याकडे गर्दी भांडते. इथली गर्दी बोलत राहते. "ओ मौशी, जरा सरको," "काका, हौले हौले," असं मराठी-हिंदी-दखनी एकाच घोटात.

भाऊजी पुढे चालत मला या दरवाजाचा आणि त्या दरवाजाचा इतिहास सांगत होते. एका बोळातून पेरूची हातगाडी आली. गाडीवाला ओरडला, मी ओरडले, आणि भाऊजी सरळ चालत जाऊन तिच्यावर आदळले. पेरू रस्ताभर.

"देखके चलो ना चचा!"

"तू देखके चलाव!" भाऊजी तडकले. "एकदम कुठून आलास?"

आम्ही पेरू गोळा केले. शालीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी आम्हाला गादीवर बसवून पाणी दिलं. ते भाऊजींना ओळखत होते. त्यांचा मुलगा भाऊजींच्या हाताखाली शिकलेला. माझ्यापुढे शाली उलगडताना ते हळूच म्हणाले, "बाई, सरांना सांभाळा. मागच्या बारीला पण याच पायरीला ठेचकाळले. आम्ही बोललो तर म्हणतात, पायरी नवी केली का?"

मी भाऊजींना भर दुकानात सुनावलं. मोतीबिंदूवर व्याख्यान दिलं. त्यांनी मला सरकारी दवाखान्यांवर दिलं. कुसुमताईंनी मधल्या वेळात शाल पसंत केली, घासाघीस केली आणि पिशवीत टाकली. शाल अतिशय सुंदर निघाली.

कन्नड

बुधवारी पितळखोऱ्याची लेणी बघायला जायचं ठरलं. शेजारच्या अन्वरभाईंची जीप होती, चालवायला तेच, आणि सोबत विहारातले एक वृद्ध भन्ते. ते मूळचे कन्नडजवळच्याच एका खेड्यातले. भिक्खूचं चीवर घेण्याआधी शेती केलेली, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक पिकावर त्यांचं लक्ष. "ऊस लई झाला. तूर कुठं दिसंना," असं स्वतःशी चाललेलं.

भन्ते दुपारनंतर अन्न घेत नाहीत, म्हणून सकाळीच कन्नडला कुसुमताईंच्या माहेरी थांबलो. बाजाराचा दिवस होता. कोथिंबिरीचे ढीग, मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, प्लास्टिकच्या घागरी, आणि या सगळ्यातून वाट काढणारी एक उसाची ट्रॉली. भन्त्यांना आधी वाढलं. त्यांनी भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी निगुतीने खाल्ली, मग आम्ही सगळे बसलो. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे विचारतही नाहीत, वाढतात.

जीपमध्ये मी आणि भाऊजी पुन्हा सुरू झालो. मी म्हणायची मोतीबिंदू, ते म्हणायचे धूसर दिसत नाही. मी म्हणायची तपासून तरी घ्या, ते म्हणायचे बाबा. भन्ते डोळे मिटून बसले होते. ते झोपलेत असं मला वाटलं, पण ते झोपले नव्हते.

पितळखोरे

गाडी पठारावर थांबते, आणि समोर लेणं कुठेच दिसत नाही. वाळकं गवत, सागाची झाडं, मोकळं आभाळ. मग एकदम जमीन फाटते. खाली खोल घळ, तिच्यात उतरणाऱ्या पायऱ्या, आणि घळीच्या कातळात दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी कोरून घेतलेली घरं. वेरूळ म्हणे लांबून दिसतं, लोकांना बोलावतं. हे लेणं लपून बसलेलं आहे. ज्याला पाहिजे त्याने उतरून यावं. मला ते फार आवडलं.

पहिल्याच वळणाला कठड्यावर एक मोठं काळतोंडं वानर बसलं होतं. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. भाऊजी त्याच्या शेजारून, अगदी शेपटीला पाय लागेल इतक्या जवळून गेले आणि त्यांना पत्ता नाही. वानरालाच शेवटी संकोच वाटला. त्याने झाडावर उडी मारली तेव्हा भाऊजी दचकले. "अरे! हे कुठनं आलं?"

अन्वरभाई माझ्याकडे बघायला लागले.

त्यानंतर थोड्याच पायऱ्या उतरलो असू. भाऊजी हात पसरून पलीकडच्या कड्याकडे दाखवत होते, "ते बघ, तो चैत्य..." आणि त्यांचा डावा पाय पायरीच्या बाहेर पडला. तिथे पायरी नव्हती, उतार होता. ते गुडघ्यावर कोसळले आणि घसरू लागले. मागून भन्त्यांनी त्यांचा दंड पकडला, अन्वरभाईंनी कमर. खाली दगडगोटे गडगडत गेले आणि तळाशी पोचल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला. तो आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

कुसुमताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी भाऊजींचा गुडघा पाण्याने धुतला, रुमाल बांधला आणि तोंड उघडलं. "बघितलंत? तरी मी सांगत होते. मोतीबिंदू..."

"मला धूसर दिसत नाही!" भाऊजी ओरडले. घळीतून त्यांचा आवाज परत आला.

"शालिनीताई," भन्ते म्हणाले. ते बाजूच्या दगडावर बसून धाप ओसरायची वाट पाहत होते. "एक इचारू का? गुरुजी किती डाव म्हनले, धूसर नाय दिसत?"

"सारखं तेच म्हणतात."

"मंग तुमी इचारलं का, कसं दिसतं?"

मी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं रोग्यांना पहिला प्रश्न तोच विचारत आले, आणि घरच्या माणसाला मात्र तो विचारलाच नव्हता, कारण उत्तर मला आधीच माहीत होतं.

"आन् गुरुजी," भन्ते वळले, "ताई काय म्हनत्यात ते तुमी सांगा बरं. त्यांनी 'व्हय, असंच' म्हनलं पायजे, असं सांगा."

भाऊजी चिडून म्हणाले, "ती म्हणते माझे डोळे कापा."

"असं नाही म्हणाले मी," मी म्हटलं.

"मग?"

"मी म्हणाले, आधी तपासून घ्या."

तपासून घ्या एवढं भाऊजींना बहुधा पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. मग मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि विचारलं, "भाऊजी, तुम्हाला कसं दिसतं?"

"स्वच्छ दिसतं. समोरचं सगळं स्वच्छ." ते थांबले. विचार करत, सावकाश बोलू लागले. "फक्त हल्ली वस्तू एकदम उगवतात. नव्हती, नव्हती, आणि एकदम आहे. तो गाडीवाला. हे वानर. घरात दार. मला वाटतं, लोक फार अचानक येतात."

मोतीबिंदू नव्हता. मोतीबिंदूत दिसणं धूसर होतं, पडदा येतो. हे वेगळं होतं. काचबिंदूत नजर कडेकडेने झिजत जाते, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, आणि जे दिसत नाही ते दिसत नाही हेसुद्धा माणसाला कळत नाही. काळा डाग नाही, धुकं नाही. नसलेल्या जागेची जाणीवच नसते. ते खरं तेच सांगत होते, आणि मी भलत्याच रोगावर त्यांच्याशी दोन-चार दिवस भांडत होते.

आम्ही त्यांना दोन्ही बाजूंनी धरून सावकाश खाली नेलं. परत वर जाऊ या असं कुसुमताई म्हणत होत्या, पण भाऊजींनाच खाली जायचं होतं. तळाशी विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे. एकाला लागून एक, अंगावर झुली, डोळे मिचमिचे, जणू सगळं लेणं पाठीवर घेऊन निघालेत. मी भाऊजींना रांगेच्या मधोमध उभं केलं.

"उजवा डोळा हाताने झाका. समोरच्या हत्तीच्या डोळ्यात बघा, नजर हलवायची नाही. माझा हात दिसला की सांगा."

मी त्यांच्या मागे उभी राहून डाव्या बाजूने बोटं हलवत हात पुढे आणू लागले. कानाच्या पुढे आणला. गालासमोर आणला. आमच्या वॉर्डात एव्हाना माणूस "दिसला" म्हणतो.

"आण की हात," भाऊजी म्हणाले.

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला.

"भाऊजी, हात मघापासून इथे आहे."

भाऊजी म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं. "आता भन्ते करा," ते म्हणाले. भन्त्यांनी केलं. मग त्यांनी डोळ्यावरचा हात काढला, दोन्ही डोळे उघडे ठेवून समोर टक लावली आणि मला विचारलं, "माझ्या डाव्या हाताला किती हत्ती आहेत?"

"तुम्हाला किती दिसतात?"

"मला सगळे दिसतात. पण मला ते पाठ आहेत. विद्यार्थ्यांना घेऊन कितीदा आलोय इथं." त्यांनी हळूहळू मान डावीकडे वळवली. एकेक हत्ती त्यांच्या नजरेत येत गेला असणार, कारण प्रत्येकाशी त्यांचा चेहरा बदलत होता. ते जोत्याच्या कडेला टेकले. "शालिनी, मी बघत नव्हतो गं. आठवत होतो."

ओढ्याचं पाणी कुठेतरी ठिबकत होतं. भाऊजी गुडघ्यावरचा रुमाल घट्ट करून उठले. "उद्या डॉक्टरकडे जाऊ. आत्ता चैत्य बघून घेऊ. मान वळवून बघेन."

"माझंही चुकलं," मी म्हटलं. "मोतीबिंदू नाही वाटत हा."

"मग इतके दिवस कशाला भांडलीस?"

"सवयीने."

भन्ते इतके मनापासून हसले की त्यांना ठसका लागला.

आम्ही चैत्यातले खांब पाहिले. खांबांवरच्या चित्रांतले अर्धे पुसलेले बुद्ध पाहिले. एका ठिकाणी फक्त चीवराची घडी आणि हाताचा पंजा शिल्लक आहे, तिथे भाऊजी फार वेळ थांबले. वर चढताना अन्वरभाई त्यांच्या डाव्या बाजूला आले. "सर, लेफ्ट साइड मेरी. आप राइट देखो."

दवाखान्यात

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. यंत्रांवर तपासून त्यांनी लपवाछपवी न करता सांगितलं. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत. डाव्याची बरीचशी नजर गेली आहे, ती परत येणार नाही. उजव्याची थोडी गेली आहे. डाव्यावर शस्त्रक्रिया करून आतला दाब उतरवायचा, दोन्हीत जन्मभर थेंब घालायचे, म्हणजे आहे ते बहुतेक राहील.

"आधी आलो असतो तर?" भाऊजींनी विचारलं.

"तर जास्त राहिलं असतं," त्या म्हणाल्या.

मग भाऊजींनी वडिलांचं विचारलं. शिबिर, टेबल, गेलेला डोळा, सगळं सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. "हा आजार घराण्यात असतो. तुमच्या वडिलांनाही असेल, आणि शस्त्रक्रियेच्या आधीच नजर जात असेल. किंवा शस्त्रक्रियेनेच बिघडलं असेल. आज मला सांगता येणार नाही."

त्यांनी ठाम सांगितलं असतं तर भाऊजी कदाचित वाद घालत बसले असते. 'सांगता येणार नाही' म्हणणाऱ्या माणसापुढे त्यांचा इलाज चालला नाही. बाहेर बाकावर ते म्हणाले, "इतकी वर्षं मला पक्कं माहीत होतं, बाबांचा डोळा कशाने गेला." आणि शनिवारची शस्त्रक्रिया ठरवून टाकली. ती नीट पार पडली.

पुन्हा रविवार

पट्टी बांधलेल्या माणसाने विश्रांती घ्यावी, असं मी, कुसुमताई आणि डॉक्टरीणबाई तिघींनी सांगितलं. ते फक्त हजेरी लावायला जातो म्हणाले, आणि गेल्यावर बोलायला लागले. मागच्या रविवारी मताबद्दल तुम्हाला सांगत होतो, तेव्हा माझी स्वतःची मूठ आवळलेली होती, असं म्हणून त्यांनी पेरूच्या गाडीपासून हत्तींपर्यंत सगळं सांगितलं. काही हातचं राखलं नाही.

मागच्या वेळचाच माणूस उठला. "सर, मग आता डॉक्टर म्हनतील ते सगळं खरं मानायचं का?"

"नाही. विचारायचं. मीसुद्धा पुष्कळ विचारणार आहे. पण विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत ऐकायचं. हे मला जमत नव्हतं."

तेवढ्यात कुसुमताई उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या वर्गात कधी बोलल्या नव्हत्या; सतरंज्या घालायच्या, मागे बसायच्या, सतरंज्या गोळा करायच्या.

"ह्यांनी त्यांचं सांगितलं, आता माझं सांगते," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापसून माझं एक पक्कं मत व्हतं. हा माणूस कधी बदलायचा नाय. त्यामुळं मी सांगायचंच सोडून दिलं व्हतं. डोळ्याचंबी येकदोनदा सांगितलं, मंग म्हनलं जाऊ दे, काय उपेग. मी आनखी मागं लागले असते तर आज डावा डोळाबी राह्यला असता का काय, कुणाला ठावं. तर ते मत मी आज इथं सोडते."

भाऊजी खुर्चीवरून उठले.

"पुढच्या रविवारी तुम्ही बोला," ते म्हणाले.

"बोलंन की," कुसुमताई म्हणाल्या. "पर त्या दिशी सतरंज्या तुमी घाला."